चॅट्सवर्थची हवेली आणि तिची डचेस

इंग्लंडच्या साधारण मधोमध डर्बीशायर नावाचा परगणा आहे. डोंगराळ, हिरवागार, जागोजागी दगडी कुंपणे आणि त्या कुंपणांच्या आत मेंढरेच मेंढरे. या परगण्यातून डरवेंट नावाची नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. नदी म्हणायची एवढेच. आपल्या सावित्री-वाशिष्ठीच्या मानाने ती मोठा ओढाच. पण या ओढ्याच्या काठी तीन ठिकाणे अशी आहेत की ती ओळीने पाहिली तर अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका बाईचे अख्खे आयुष्य समोर उभे राहते. चॅट्सवर्थची हवेली, क्रॉमफर्डची सूतगिरणी आणि डर्बी शहरातले मोठे चर्च. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही नणंदेकडे ब्लॅकबर्नला गेलो होतो, तेव्हा दोन दिवस काढून ही तिन्ही ठिकाणे पाहून आलो.

ब्लॅकबर्न आपल्या कोकणातल्या वाचकांना नवे नाही. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांतले कोणी ना कोणी तिथे आहे. पहिल्या पिढीचे लोक तिथल्या गिरण्यांत रात्रपाळी करायला गेले आणि तिथलेच झाले. नणंदेच्या मुलाने गाडी काढली. जूनचा पहिला आठवडा होता. त्या दिवसांत तिकडे मगरीब साडेनऊला होते, त्यामुळे दिवस संपता संपत नाही. फिरायला भरपूर वेळ मिळतो, मुलांना झोपवायचे कसे हाच प्रश्न.

बेकवेल गावावरून पुढे गेले की एका वळणावर चॅट्सवर्थ दिसते. खाली नदी, नदीवर तीन कमानींचा दगडी पूल, पलीकडे उतारावर पिवळसर दगडाची प्रचंड हवेली आणि तिच्या मागे झाडीने भरलेला डोंगर. हा देखावा मुळात असा नव्हता. १७६० च्या सुमारास तेव्हाच्या ड्यूकने त्या काळचा नामांकित बागकाम-तज्ज्ञ ‘केपेबिलिटी’ ब्राउन याला बोलावून टेकड्यांचे चढ-उतार आणि नदीचा काठ मनासारखा घडवून घेतला. कुदरतसुद्धा हुकमाप्रमाणे बसवून घेण्याइतका पैसा या घराण्यात होता. हे घराणे म्हणजे कॅव्हेंडिश. त्यांचा किताब ड्यूक ऑफ डेव्हनशायर. ड्यूक ही इंग्रज सरदारांतली सगळ्यात वरची पायरी, आणि ड्यूकची बायको ती डचेस.

आत पहिल्याच मोठ्या दालनात भिंतींवर आणि छतावर ज्यूलियस सीझरची चित्रे रंगवलेली आहेत. माना वर करून करून दुखायला लागतात. नणंदेचा मुलगा म्हणाला, “मामी, एवढ्या खोल्यांचा केर कोण काढत असेल?” प्रश्न रास्त होता. आज घराची देखभाल एक विश्वस्त संस्था करते आणि तिकिटाच्या पैशातून बराच खर्च भागतो. पण आम्ही गेलो होतो ते छत पाहायला नव्हे. आम्हाला पाहायची होती पाचव्या ड्यूकची डचेस, जॉर्जियाना.

तिची दोन चित्रे आमच्या मनात राहिली. एक मारिया कॉझ्वे या बाईने १७८२ मध्ये काढलेले. त्यात जॉर्जियाना ढगांतून चंद्राची देवी होऊन उतरते आहे. जमिनीला पाय लागलेलेच नाहीत. दुसरे जोशुआ रेनॉल्ड्सचे, १७८४ चे. त्यात ती सोफ्यावर बसून आपल्या तान्ह्या मुलीशी खेळते आहे, एक हात वर केलेला, आणि मांडीवरची पोरही हात वर करून हसते आहे. दोन चित्रांत जेमतेम दोन वर्षांचे अंतर. लोकांना ती पहिल्या चित्रासारखी हवी होती. तिला स्वतःला दुसऱ्यासारखे राहायचे होते असे तिच्या पत्रांवरून वाटते. त्या काळी मोठ्या घरातल्या बायका बाळाला दाईच्या हवाली करत. जॉर्जियानाने सासरच्यांची नाराजी पत्करून मुलीला स्वतःचे दूध पाजले.

तिचा जन्म १७५७ चा, ऑल्थॉर्पच्या स्पेन्सर घराण्यातला. (राजकन्या डायाना याच घराण्यातली, वाचकांना ती नक्की आठवत असेल.) जून १७७४ मध्ये, सतरावे सरता सरता, तिचे लग्न पाचव्या ड्यूकशी झाले. तो तिच्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठा, अबोल आणि थंड. त्याचे जग क्लब, पत्ते आणि कुत्री. ती बोलकी, हौशी, माणसांची भुकेली. लग्नाआधीच त्याला एका दुसऱ्या बाईपासून मुलगी झाली होती. त्या मुलीची आई वारल्यावर तिला घरी आणून सांभाळायचे काम जॉर्जियानाकडेच आले, आणि तिने ते प्रेमाने केले. स्वतःला मात्र नऊ वर्षे मूल नव्हते. गर्भपात होत राहिले. वारस कधी, हा प्रश्न तिकडच्या महालातही आपल्या गावच्या ओटीवर विचारतात तसाच विचारला जात होता. १७८३ मध्ये मुलगी झाली, १७८५ मध्ये दुसरी मुलगी. मुलगा १७९० मध्ये झाला, तेव्हा कुठे सुटकेचा श्वास.

मधल्या काळात तिने स्वतःला गर्दीत हरवून घेतले. तीन-तीन फूट उंच केशरचना, त्यावर शहामृगाची पिसे. ती आज जे घाले ते उद्या अख्खे लंडन घाले. लंडनमध्ये पिकॅडिली रस्त्यावर त्यांचे डेव्हनशायर हाउस होते. तिथे रात्र-रात्र पत्त्यांचा जुगार चाले. फॅरो नावाच्या खेळात ती इतके हरली की मरेपर्यंत कर्जातून वर आली नाही. जुगार घर कसे पोखरतो हे आपल्या वाचकांना आम्ही वेगळे सांगायला नको. पण तिचे आयुष्य एवढ्यावर संपवणारे लोक तिचा अर्धाच हिशेब मांडतात. त्याच डेव्हनशायर हाउसमध्ये व्हिग पक्षाची सूत्रे हलत, आणि ती हलवणाऱ्यांत ती प्रमुख होती.

इथे गोष्ट थेट आपल्या हिंदुस्थानाकडे वळते.

१७८३ मध्ये व्हिग नेता चार्ल्स जेम्स फॉक्स याने ईस्ट इंडिया कंपनीला लगाम घालणारे विधेयक पार्लमेंटात आणले. कंपनीचा कारभार सात आयुक्तांच्या हाती द्यायचा, असा त्यातला मुख्य मुद्दा. कंपनीचे लोक बिथरले. सेयर्स नावाच्या व्यंगचित्रकाराने चित्र काढले : फॉक्स मुसलमानी बादशहाच्या वेषात हत्तीवर बसून लंडनमधल्या कंपनीच्या कचेरीकडे मिरवत निघाला आहे. चित्रातल्या फॉक्सला नाव दिले ‘कार्लो खान’. जुलमी आणि ऐषारामी माणूस दाखवायचा तर त्याला खान करायचा, ही खोड तेव्हापासूनची. खालच्या सभागृहाने विधेयक मंजूर केले. मग राजा तिसरा जॉर्ज स्वतः मध्ये पडला, डिसेंबरमध्ये वरच्या सभागृहात ते पाडले गेले आणि मंत्रिमंडळ बरखास्त झाले. चोवीस वर्षांचा धाकटा पिट पंतप्रधान झाला. पुढच्या वसंतात निवडणूक लागली.

फॉक्स उभा होता वेस्टमिन्स्टरमधून. जागा दोन, उमेदवार तीन. देशातल्या बहुतेक मतदारसंघांत मूठभर लोकांना मत असे. वेस्टमिन्स्टरमध्ये मात्र घरपट्टी भरणाऱ्या साध्या माणसालाही होते. खाटीक, चांभार, शिंपी, मेणबत्तीवाले असे हजारो मतदार. मतदान चाळीस दिवस चालले. गुप्त मतदान नाहीच. कॉव्हेंट गार्डनच्या मांडवात चढायचे, सगळ्यांसमोर नाव सांगायचे आणि कोणाला मत ते मोठ्याने बोलायचे. असा मतदार हलवायचा तर त्याच्या दारात जावे लागते. जॉर्जियाना आणि तिची बहीण हॅरिएट गल्लीगल्लीत गेल्या. दुकानात शिरून वस्तू चढ्या भावाने घेतल्या, गिऱ्हाइकाशी बोलावे तसे बोलल्या, मतदारांना मांडवापर्यंत न्यायला आपल्या बग्ग्या दिल्या. आपल्याकडे निवडणुकीच्या दिवसांत रिक्षा-जीपची जी धावपळ दिसते, तिची ही जुनी बहीण म्हणा.

विरोधकांनी बोभाटा केला की डचेसने मतासाठी एका खाटकाला मुका दिला. ती म्हणत राहिली, मी नव्हते. ऐकतो कोण? रोलंडसनसारख्यांची व्यंगचित्रे दुकानांच्या खिडक्यांतून टांगली गेली, काही घाणेरडीसुद्धा. गंमत पाहा. फॉक्स स्वतः जुगारी, कर्जबाजारी, रंगेल. त्याच्या चारित्र्यावरही टीका होती, पण त्याचे राजकारण हे राजकारणच मानले जात होते. तिचे राजकारण मात्र मुक्यात मोजले गेले. विटून ती प्रचार अर्धा सोडून आईकडे निघून गेली. पक्षाच्या लोकांनी विनवण्या करून तिला परत बोलावले, कारण मते घटत होती. ती आली. फॉक्स दुसऱ्या जागेवर २३६ मतांनी निवडून आला. लंडनभर मिरवणूक निघाली, मेजवान्या झडल्या. पण त्यानंतर जॉर्जियाना तशी उघड्यावर प्रचाराला उतरली नाही. १७८८ च्या पोटनिवडणुकीत तिने काम केले ते पडद्याआडून.

त्याच वर्षी फेब्रुवारीत वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये वॉरन हेस्टिंग्जवर खटला उभा राहिला. आमच्या आठवी-नववीच्या इतिहासात हा खटला एका ओळीत येतो. आम्ही तो दरवर्षी शिकवतो आणि दरवर्षी वाटते की या ओळीत दोन बेगमांची नावे का नसावीत?

फैजाबादच्या या दोन बेगमा. एक अवधचा नवाब शुजाउद्दौला याची बेवा, बहू बेगम. दुसरी तिची सासू. त्यांच्या स्वतःच्या नावाने जहागिरी होत्या, स्वतःचा खजिना होता, स्वतःचे कारभारी होते. बहू बेगमचा मुलगा आसफुद्दौला नवाब झाल्यावर आईकडे पैसे मागत राहिला. तेव्हा १७७५ मध्ये कंपनीने मध्ये पडून हमी दिली की यापुढे बेगमांकडून काही घेतले जाणार नाही. सहा वर्षांनी कंपनीलाच पैशाची चणचण आली. का? एकीकडे मराठ्यांशी युद्ध, दुसरीकडे हैदर अलीशी. वडगावला इंग्रज फौजेने मराठ्यांपुढे हात टेकले त्या युद्धाचाच हा खर्च. तो भरून काढायला हेस्टिंग्जने आपलीच हमी मोडली. १७८२ च्या जानेवारीत फौज फैजाबादला गेली. बेगमांच्या दारात शिरता येत नव्हते, म्हणून त्यांचे दोन विश्वासू खोजे कारभारी, जवाहर अली खान आणि बहार अली खान, यांना कैदेत टाकून छळले आणि खजिना काढून घेतला.

या विषयावर शेरिडन बोलला. नाटककार शेरिडन हा जॉर्जियानाच्याच बैठकीतला माणूस. १७८७ मध्ये खालच्या सभागृहात तो पाच तासांहून जास्त बोलला होता; १७८८ च्या जूनमध्ये वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये त्याचे भाषण चार दिवस चालले. जागेसाठी लोकांनी पन्नास-पन्नास गिनी मोजल्या. सरदारणी पहाटेपासून येऊन बसत. मेकॉलेने पुढे या खटल्यावर जो निबंध लिहिला, त्यात सज्ज्यात बसलेल्या बायकांच्या घोळक्यात मधोमध त्याने जॉर्जियानाला बसवले आहे.

आम्हाला चॅट्सवर्थच्या त्या दालनात हेच चित्र दिसत होते. खाली सभागृहात सहा हजार किलोमीटरहून दूरच्या दोन पर्दानशीन बायकांच्या मालमत्तेवर वाद चालला आहे : ही जहागीर बेगमची की नवाबाची? आईच्या खजिन्यावर मुलाचा, सरकारचा, कंपनीचा हक्क पोहोचतो का? आणि वर सज्ज्यात हिरे घालून बसलेली, युरोपभर नाव असलेली बाई ते ऐकते आहे. तिच्या देशाच्या कायद्यात तिचा स्वतःचा असा रुमालसुद्धा नव्हता.

हे अतिशयोक्तीने लिहीत नाही. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात लग्न झाले की नवरा-बायको एक व्यक्ती, आणि ती व्यक्ती म्हणजे नवरा. बाईची कमाई, दागिने, रोकड सगळे त्याचे. ती स्वतःच्या नावावर करार करू शकत नसे. श्रीमंत घराणी मुलीसाठी लग्नाआधी वेगळा करारनामा करून हातखर्च बांधून घेत. जॉर्जियानाच्या आईवडिलांनीही तो घेतला होता. पण तो मेहेरबानीचा मार्ग झाला, कायद्याचा हक्क नव्हे. विवाहित बाईला स्वतःची मालमत्ता बाळगण्याचा पूर्ण हक्क इंग्लंडने १८८२ मध्ये दिला. आपल्या शरीयतमध्ये मेहर बाईचा, वारसा बाईचा, आणि लग्नानंतरही तिची मालमत्ता तिचीच, हे तेव्हाही अकराशे वर्षांहून जुने होते. बहू बेगम त्या जोरावर उभी होती.

हे वाचून आपण छाती फुगवण्याआधी एक गोष्ट नमूद करतो. आमच्या शाळेत बारा-तेरा वर्षांच्या मुली वारसाहक्काचे आयते घडाघडा म्हणून दाखवतात. त्याच मुलींच्या आया तलाठी कार्यालयात हक्कसोडपत्रावर सही करताना आम्ही पाहिल्या आहेत. “भावाशी नाते राहू दे, बाई,” असे म्हणत. जॉर्जियानाला हक्क नव्हता; आपल्या बायकांना तो आहे आणि आपण तो चहाच्या पेल्याबरोबर सोडवून घेतो. यातले जास्त वाईट काय, हे आम्हाला ठरवता आलेले नाही.

दुपारी जोहर आम्ही नदीकाठच्या गवतावर अदा केली. मेंढ्या दोन हातांवर चरत होत्या, त्यांना आमचे काही नवल वाटले नाही.

नदीबरोबर खाली गेले की दहाएक मैलांवर क्रॉमफर्ड लागते. १७७१ मध्ये रिचर्ड आर्कराइट याने इथे पाण्याच्या जोरावर सूत कातणारी गिरणी सुरू केली. जगातल्या कारखान्यांची गंगोत्री म्हणावी अशी जागा. आज ती जागतिक वारसा यादीत आहे. ज्या गिरण्यांत आपली माणसे ब्लॅकबर्नला कामाला गेली, त्या गिरण्या या मुळापासून वाढल्या. आणि यंत्राच्या सुतापुढे ज्यांचे हातमाग पडले, त्या अवध-बनारसकडच्या मोमीन विणकरांची पोरेबाळे पुढे मालेगाव-भिवंडीला आली. हे एवढे सगळे या एका ओढ्याच्या पाण्यात.

आर्कराइट मुळात न्हावी. केसांचे टोप करून विकणारा. तो गिरणीमालक होऊन गडगंज झाला, आणि ड्यूकच्या घरातल्या तीन फूट केशरचनेच्या बाईला त्याच्याकडून नवऱ्याच्या चोरून कर्ज घ्यायची वेळ आली. बँकवाला कूट्स, आर्कराइट, मित्र, आप्त, जो देईल त्याच्याकडून तिने घेतले. नवऱ्याने विचारले की ती खरा आकडा कधीच सांगत नसे. निम्मा-पाव सांगे आणि उरलेला दडपण्यासाठी नवे कर्ज काढी. दोष तिचाच होता. पण हिशेब ज्याला ठेवू दिला जात नाही, त्याला हिशेबाची भीती बसते, हेही खरे.

घरात तिसरी बाईही होती. लेडी एलिझाबेथ फॉस्टर. १७८२ मध्ये बाथ गावी ओळख झाली. ती नवऱ्यापासून विभक्त, हातात पैसा नाही, आणि तिची दोन मुले बापाने ठेवून घेतलेली. चौदा वर्षे त्या आईला मुलांचे तोंड दिसले नाही, कारण कायद्याने मूल बापाचे. जॉर्जियानाने दया येऊन तिला घरी आणले. ती राहिलीच. पुढे ड्यूकचे आणि तिचे संबंध जुळले, दोन मुले झाली. तीही कालांतराने याच घरात वाढली. जॉर्जियाना एलिझाबेथवर जिवापाड माया करत राहिली. हे कोडे चरित्रकारांना सुटलेले नाही, आम्ही सोडवायचा प्रयत्न करत नाही.

मग जॉर्जियानाचे पाऊल घसरले. चार्ल्स ग्रे नावाचा तरुण व्हिग पुढारी. १७९१ मध्ये तिला दिवस गेले आहेत हे ड्यूकला कळले. त्याने दोन वाटा ठेवल्या : देश सोड, नाहीतर घटस्फोट, आणि घटस्फोट म्हणजे तिन्ही मुले कायमची गेली. ती फ्रान्सला गेली. फेब्रुवारी १७९२ मध्ये एक्स-आन-प्रोव्हान्स गावात मुलगी झाली, एलायझा. मुलगी तिच्याकडून घेऊन ग्रेच्या आईवडिलांकडे दिली गेली, जणू त्यांचीच. जॉर्जियाना पुढे तिला अधूनमधून भेटे, पण आई म्हणून नव्हे. ड्यूकने परत बोलावले तेव्हा १७९३ चा सप्टेंबर उजाडला होता. गेली तेव्हा मुलगा दीड वर्षाचाही नव्हता; आली तेव्हा तीन वर्षे उलटून गेलेली. त्या पोराने आईला काय ओळखले असेल?

त्या घरात गुन्हा दोघांनीही केला. नवऱ्याची मुले पाळणाघरात वाढली, बायकोची मुलगी घराबाहेर गेली आणि बायको देशाबाहेर. आमच्या दीनमध्ये जिना पुरुषाचा असो वा बाईचा, गुन्हा एकच. समाजाचा तराजू मात्र सगळीकडे सारखाच वाकडा, लंडन काय आणि आपले मोहल्ले काय.

परत आलेली जॉर्जियाना वेगळी होती. १७९६ मध्ये डोळ्याला भयंकर विकार झाला. डॉक्टरांनी जळवा लावल्या, नको ते उपचार केले. एका डोळ्याची दृष्टी गेली आणि तो गाजलेला चेहरा विद्रूप झाला. आम्हाला ती इथून पुढे जास्त आवडते. तिने खनिजे गोळा करायला सुरुवात केली, दगड आणि स्फटिक अभ्यासले. चॅट्सवर्थचा खनिजसंग्रह तिच्यापासूनचा. आल्प्स ओलांडतानाच्या प्रवासावर कविता लिहिली. तिच्यावर कोलरिजने उत्तरादाखल कविता रचली. फुटलेला व्हिग पक्ष पुन्हा सांधण्यासाठी ती निरोप पोहोचवत, भांडणे मिटवत राहिली. १८०६ च्या फेब्रुवारीत बावीस वर्षांनी तिचे लोक सत्तेत आले. फॉक्स परराष्ट्रमंत्री, ग्रे आरमाराचा मंत्री. महिन्या-दोन महिन्यांत, ३० मार्चला, यकृताच्या आजाराने ती वारली. वय अठ्ठेचाळीस. तीन वर्षांनी ड्यूकने एलिझाबेथशी लग्न केले.

तिचा मुलगा सहावा ड्यूक झाला; अविवाहित राहिला. त्याचा माळी पॅक्स्टन याने १८३० नंतर चॅट्सवर्थच्या काचघरात एक बुटकी केळ वाढवली आणि मालकाच्या घराण्याचे नाव तिला दिले : कॅव्हेंडिश. आपल्या जळगावची बसराई त्याच जातीची. भेटवस्तूंच्या दुकानात आम्ही हे नणंदेच्या मुलाला सांगितले, तर त्याला पटेना.

आणि ग्रे? तो १८३० मध्ये पंतप्रधान झाला. १८३२ चा मताधिकार वाढवणारा प्रसिद्ध कायदा त्याने केला. मतदार कोण, हे सांगताना त्या कायद्यात ‘पुरुष’ हा शब्द स्पष्ट लिहिला गेला. १७८४ मध्ये चाळीस दिवस गल्लीबोळ तुडवणाऱ्या बाईला मत नव्हते ते रिवाजाने. आता कायद्यानेही नव्हते. इंग्लंडच्या बायकांना मत मिळायला १९१८ उजाडले, तेही तीस वर्षांवरच्यांना.

दुसऱ्या दिवशी आम्ही डर्बीला गेलो. डरवेंट इथे शहरातून वाहते. तिथले ऑल सेंट्स चर्च आता कॅथीड्रल झाले आहे. आत शिरल्यावर नजर जाते ती बेस ऑफ हार्डविकच्या कबरीवर. चॅट्सवर्थची पहिली हवेली सोळाव्या शतकात या बाईने आणि तिच्या दुसऱ्या नवऱ्याने बांधायला घेतली. बेसची चार लग्ने झाली, चारही नवरे तिच्याआधी गेले, आणि इंग्रजी कायद्यात बेवा बाईला मालमत्ता ठेवता येत असल्यामुळे ती देशातली एक अतिश्रीमंत बाई होऊन १६०८ मध्ये वारली. आपली कबर तिने जिवंतपणीच करवून घेतली होती. पूर्ण उंचीचा निजलेला पुतळा, मोठा लेख, सगळा थाट.

जॉर्जियाना त्याच चर्चच्या जमिनीखाली, कॅव्हेंडिशांच्या दफनघरात आहे. हायड्रोजन वेगळा ओळखणारा हेन्री कॅव्हेंडिशही तिथेच. तो ड्यूकचा नातेवाईक, बायकांना पाहून वाट बदलणारा, पण जॉर्जियानाशी तो विज्ञानावर बोलत असे. आमच्याबरोबरच्या मुलांना त्याचे नाव पाठ्यपुस्तकातून माहीत होते, त्यांनी त्याचीच चौकशी केली. तिथल्या एका वृद्ध स्वयंसेविकेने त्यांना नीट समजावून सांगितले, मग आम्हाला विचारले की कुठून आलात. आम्ही म्हणालो, डचेसला पाहायला आलो होतो. तिने विचारले, “कुठली? इथे पुष्कळ आहेत.”